उरलेल्या दोन चाकांचा मोह

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या तहसिलीत धानाची बंडी अजून सर्वस्वी इतिहासजमा झालेली नाही. आणि मळणीच्या दिवसांत नवेगाव बांधाकडून किंवा गोठणगावाकडून येणाऱ्या वाटेवर, भरल्या बंडीच्या आखाची खीळ निसटून एक चाक निखळलेले ज्याने एकवार पाहिले असेल, त्याला पुढील विवेचनाचे मर्म समजून घेण्यासाठी यंत्रशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागणार नाही. चाक निखळले म्हणून बंडी जागच्या जागी थबकत नाही. ती त्या अंगाला कलंडते, आखाचे टोक मातीत रुतते, आणि पलीकडचे शाबूत चाक मात्र आपल्या स्वभावधर्मानुसार पुढे धावू पाहत असल्यामुळे सबंध बंडी त्या रुतलेल्या टोकाभोवती गरकन फिरते, जू बैलांच्या मानेवर पिळवटते आणि पोती वाटेवर विखुरतात. बारकाईने पाहणाऱ्याच्या ध्यानात येईल की या अनर्थात गेलेल्या चाकाचा वाटा जेवढा, तेवढाच किंबहुना त्याहून अधिक वाटा उरलेल्या चाकाचा आहे. बंडी चालते बैलाच्या गतीने, म्हणून हानी पोत्यांवर निभावते. हाच प्रसंग ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक वेगाने भूमीला टेकणाऱ्या विमानावर गुदरला म्हणजे त्या उरलेल्या चाकाचे काय करावे, हा प्रश्न प्राणांचा होऊन बसतो.

६ मे २०२१, गुरुवार. करोनाच्या दुसऱ्या लाटेने देशातील रुग्णालये आकंठ भरलेली असताना, नागपूरच्या विमानतळावरून बीचक्राफ्ट सी-९० जातीचे एक लहान दोन इंजिनांचे विमान, व्हीटी-जेआयएल हे नोंदणीचिन्ह धारण करणारे, रुग्णवाहिका म्हणून आकाशात झेपावले. आत रुग्ण, त्याच्या सोबतीची माणसे आणि वैमानिक मिळून पाच जण होते. या जातीच्या विमानाला तीन पाय असतात, प्रत्येक पायाला एकेक चाक असते, आणि उड्डाणानंतर हे पाय आत ओढून घेता येतात. त्या दिवशी जमीन सुटतासुटता तीनपैकी एक चाक विमानापासून वेगळे होऊन नागपूरच्या भूमीवरच राहिले. पुढे हे विमान मुंबईकडे वळवण्यात आले, आणि कॅप्टन केशरी सिंह यांनी ते रात्री मुंबईच्या धावपट्टीवर, पाय आतच ठेवून, पोटावर उतरवले. पाचही जण सुखरूप राहिले. वृत्तपत्रांनी या प्रसंगाला प्रसंगावधानाचे उदाहरण म्हणून गौरविले आणि तो गौरव सर्वथा रास्त होता. परंतु प्रसंगावधान हा शब्द आपल्याकडे विचाराच्या आरंभी येण्याऐवजी विचाराचा दरवाजा लावून घेण्यासाठी येतो, अशी माझी तक्रार आहे. माणूस शांत राहिला एवढ्याने काही सांगितले जात नाही. शांत राहून त्याने कशाचा त्याग केला, हे पाहावयास हवे.

तत्पूर्वी दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. पाय आत घेता येणाऱ्या हलक्या विमानाच्या वैमानिकापुढे चाकांच्या स्थितीची इत्तला देणारे तीन हिरवे दिवे असतात. तिन्ही पेटले म्हणजे पाय खाली येऊन आपापल्या जागी घट्ट बसले, असा त्यांचा अर्थ. पण हे दिवे पायाची साक्ष देतात, चाकाची देत नाहीत. पाय नीट बसलेला आहे आणि त्याच्या टोकाला चाकच नाही, अशी अवस्था असली तरी दिवा आपला हिरवाच पेटतो; कारण त्याला विचारलेला प्रश्न निराळा आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो प्रामाणिकपणे देतो. यंत्राच्या या प्रामाणिक अज्ञानातून त्या पाच जणांना बाहेर काढले ते नागपूरच्या विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका शिपायाच्या डोळ्यांनी. त्याने चाक निखळताना पाहिले आणि तत्काळ वर्दी दिली.

ज्यांनी आयुष्याची काही वर्षे सरकारी कचेऱ्यांच्या ओसरीवर काढली आहेत, त्यांना या वर्दीचे मोल वेगळे सांगावयास नको. विमानाची चाके ही त्या शिपायाच्या अखत्यारीतील बाब नव्हती. त्याची नेमणूक घातपातापासून रक्षणासाठी. यंत्राची तपासणी करणारे दुसरे, उड्डाणाची परवानगी देणारे तिसरे, त्याची नोंद ठेवणारे चौथे. आपल्या दप्तरी परंपरेत प्रत्येकाला आपल्या कामाची सरहद्द शिकवली जाते, आणि त्या सरहद्दीपलीकडे जे दिसले ते न दिसल्यासारखे करणे हे हळूहळू शहाणपण मानले जाऊ लागते. ‘हा मामला आमच्याकडे नाही’ या एका वाक्याने या देशात किती पूल खचले, किती अर्ज कुजले आणि किती माणसे गेली, याची जमाबंदी कोणी केलेली नाही. त्या संध्याकाळी एका कनिष्ठ नोकराने ती सरहद्द ओलांडली, आपण पाहिले ते खरेच चाक होते काय, चूक ठरल्यास वरिष्ठ काय म्हणतील, या शंकाकुशंकांत मिनिटे दवडली नाहीत, आणि त्याचा शब्द वरच्यांनी उडवूनही लावला नाही. या दुसऱ्या गोष्टीचे मला पहिलीइतकेच अप्रूप वाटते. लहान माणसाने बोलणे हे धैर्य आहे. मोठ्या माणसाने ते ऐकणे ही व्यवस्था आहे, आणि धैर्य दैवयोगाने मिळते तर व्यवस्था घडवावी लागते.

आता त्या वर्दीने वैमानिकापुढे जो प्रश्न उभा केला त्याकडे वळू. एक चाक गेले, दोन उरली. सामान्य बुद्धी म्हणते की दोनांवर भागवावे. काहीच नसण्यापेक्षा काही असणे बरे. व्यवहारातील निम्मे निर्णय आपण याच न्यायाने घेतो आणि ते बहुधा चुकत नाहीत. परंतु हा न्याय एका गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक असे की उरलेला अंश आहे त्या प्रमाणात उपकारक असतो. पंखांखालच्या दोन मुख्य पायांपैकी एक निकामी असलेले विमान जेव्हा वेगाने भूमीला टेकते, तेव्हा हे गृहीतक कोसळते. शाबूत बाजू चाकावर सुलभ धावते, निकामी बाजू घर्षणाने मागे ओढली जाते. दोहोंच्या मध्ये जी ओढाताण उत्पन्न होते तिच्यामुळे विमान निकामी अंगाकडे वळते, पंखाचे टोक जमिनीला लागते, आणि क्वचित प्रसंगी विमान गिरक्या घेत धावपट्टीबाहेर फेकले जाते. पंखांत इंधन असते, हे येथे ध्यानी ठेवावे. उलटपक्षी, सर्व पाय पोटात घेऊन विमान पोटावर टेकले, तर त्याचा भार एका लांब, जवळजवळ सपाट पृष्ठभागावर विभागला जातो. घर्षण दोन्ही अंगांना सारखे होते. विमान पत्रा खरवडत, ठिणग्या उडवत, पण सरळ रेषेत घसरत जाते आणि थांबते. विद्रूप होते, पण बहुधा उलटत नाही. म्हणजे असमतोल आधारापेक्षा समतोल निराधारपण अधिक सुरक्षित, असा हा विलक्षण निष्कर्ष निघतो. आणि तो पत्करण्यासाठी वैमानिकाला एका गेलेल्या चाकासाठी दोन धडधाकट चाके आपल्या हाताने सोडून द्यावी लागतात.

मात्र या निष्कर्षाचे सूत्र बनवून ते सर्वत्र लावू पाहणारा माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन आदळेल. जेथे उरलेला आधार समतोल आहे, तेथे त्याचा अव्हेर करणे हा अविवेक होय. नाकाखालचे चाक बिघडले आणि पंखांखालची दोन्ही शाबूत असली, तर त्या दोहोंवर टेकावे, नाक शक्य तितका वेळ वर धरावे आणि वेग ओसरल्यावर ते हलकेच खाली येऊ द्यावे, हीच रीत. २१ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जेटब्लू कंपनीचे एक मोठे प्रवासी विमान नाकाची चाके आडवी फिरलेल्या अवस्थेत याच रीतीने उतरले आणि चाकांतून ज्वाळा निघूनही कोणाला इजा झाली नाही. आपल्याकडे ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीच्या विमानतळावर एका प्रशिक्षण-विमानाला चाक नादुरुस्त झाल्यामुळे तातडीने उतरावे लागले. उतरल्यावर त्याचे पुढचे चाक निखळले, विमान बाजूला भरकटले, तथापि शिकाऊ वैमानिक सुरक्षित राहिला. पुन्हा, पुष्कळशा लहान विमानांचे पाय मुळात स्थिरच असतात. ते आत घेण्याची सोयच नाही. अशा विमानाच्या एका अंगाचे चाक गेले तर वैमानिकाने निरोगी चाकाच्या बाजूला किंचित झुकून टेकावे, अधू बाजूचा पंख हवेच्याच बळावर, म्हणजे वेग आहे तोवर, वर उचलून धरावा, आणि हवेचा आधार संपतासंपता तो सावकाश खाली ठेवावा. पंगू माणसाला आधार देऊन खाटेवर टेकवताना जी हळुवार सावधगिरी लागते तीच येथे लागते, फरक इतकाच की ती काही सेकंदांत संपवायची असते.

वेगाविषयीही येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून भीतीपोटी वेग केवळ दहा टक्क्यांनी जास्त ठेवला तरी जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. उलट वेग फार कमी केला तर पंखांची उचल नाहीशी होऊन विमान दगडासारखे पडते. म्हणजे ज्याला आपण हळू उतरणे म्हणतो, ते दोन मृत्यूंच्या मधली एक अरुंद पायवाट आहे.

आता मोहाचे दुसरे रूप पाहावे, कारण माझ्या मते खरा विषय तोच आहे. पोटावर उतरताना पंख्याची पाती जमिनीवर आपटून वाकतात आणि त्या आघाताने इंजिनाचेही नुकसान होते; दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. त्यामुळे काही वैमानिकांच्या मनात असा विचार येतो की टेकण्यापूर्वीच इंजिन बंद करावे, पाती आडवी थांबवावीत, म्हणजे निदान तेवढे तरी वाचेल. वरकरणी हा काटकसरीचा विचार. पण त्या क्षणी वैमानिकाने स्वतःजवळची एकमेव शक्ती स्वहस्ते टाकून दिलेली असते. वाऱ्याचा एखादा झोत आला, अंदाज थोडा चुकला, तर धावपट्टी गाठण्याचे किंवा पुन्हा वर जाण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही. आणि त्याचे लक्ष, जे केवळ वेगावर व दिशेवर असावयास हवे, ते पात्यांच्या कोनात गुंतलेले असते. पाती वाचवू पाहणारा माणूस स्वतःला गमावून बसण्याचा हा धोका वैमानिकी शिक्षणात वारंवार बजावला जातो, आणि तरीही तो मोह सुटत नाही, याचे कारण तो लोभाचा नसून कर्तव्याच्या वेषात आलेला असतो. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती सोपवली आहे, ती शाबूत परत केली पाहिजे, ही भावना सज्जनाच्याच मनात बळकट असते.

माझे प्रतिपादन असे की चाक वा पाय बिघडल्याचे ज्या क्षणी निश्चित झाले, त्याच क्षणी ते विमान, मालमत्ता या नात्याने, खर्ची पडले असे वैमानिकाने मानावे. त्यानंतर त्याचे एकच प्रयोजन उरते, आतल्या माणसांभोवतीचे कवच म्हणून मोडत मोडत आघात स्वतःवर घेणे. आमच्या या भागातील मालगुजारी तलावही हेच शिकवतात.  अतिवृष्टीत तलाव काठोकाठ भरून पाळ पाझरू लागली, म्हणजे ज्या पाण्यावर सबंध धान अवलंबून आहे तेच पाणी तुडुमाच्या दारातून व सांडव्यावरून सोडून द्यावे लागते. त्या वेळी जो पाण्याकडे पाहतो तो पाळही गमावतो आणि पाळेखालचे गावही. पाणी पुढल्या मृगात पुन्हा येते.

याचा अर्थ घाई करावी असा मात्र मुळीच नाही. चाक बिघडलेले विमान हवेत असेपर्यंत जवळजवळ निरोगी असते. पंख, इंजिन, सुकाणू सर्व ठीक असते. बिघडलेले असते ते केवळ त्याचे भूमीशी नाते. म्हणून इंधन आहे तोवर वेळ आहे, आणि त्या वेळेत टॉवरशी विचारविनिमय करता येतो, लांब धावपट्टी व सुसज्ज अग्निशमन दल असलेले ठिकाण निवडता येते, इंधन जाळून आगीचा धोका कमी करता येतो, पट्टे आवळता येतात, विमानाच्या पुस्तिकेत तशी आज्ञा असल्यास सांगाडा वाकून दार अडकू नये म्हणून टेकण्याआधी त्याची कडी काढून ठेवता येते. परंतु वेळ ही देखील एक संपत्तीच असल्यामुळे तिचाही मोह पडतो. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरावर युनायटेड कंपनीचे डीसी-८ विमान चाकांविषयीच्या शंकेने सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. कप्तान तयारी परिपूर्ण करण्यात इतका गढला की सहकाऱ्यांनी इंधनाविषयी काढलेले अर्धस्फुट उद्गार त्याच्या मनापर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि अखेर इंजिने एकामागून एक बंद पडून विमान वस्तीत कोसळले. १८९ पैकी १० माणसे गेली. त्याच्या सहा वर्षे आधी, २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री, फ्लोरिडाच्या दलदलीवर ईस्टर्न कंपनीच्या विमानातील सर्व अनुभवी माणसे नाकाच्या चाकाचा न पेटणारा एक लहानसा दिवा तपासण्यात गुंतली असताना, विमान हळूहळू खाली जात आहे हे कोणीच पाहिले नाही. १०१ प्राण गेले. दोन्ही प्रसंगी चौकशीअंती असे आढळले की चाके खाली उतरून आपापल्या जागी घट्ट बसलेलीच होती. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पोर्टलंडच्या अपघातानंतर विमानव्यवसायाने एक मूलगामी सुधारणा हाती घेतली. कप्तानाची हुकमत ही ऐकण्याच्या कर्तव्यासहित येते, आणि कनिष्ठाने आपली शंका पुटपुटून न थांबता स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे, असे रीतसर शिक्षण सुरू झाले. युनायटेड कंपनीने ते १९८१ पासून आपल्या वैमानिकांना देण्यास आरंभ केला. नागपूरच्या शिपायाची वर्दी आणि पोर्टलंडच्या सहवैमानिकाची दबलेली वाणी यांत जे अंतर आहे, ते मला व्यक्तींच्या गुणांपेक्षा शिक्षणाचे आणि धाकाचे अंतर वाटते.

या शिक्षणाशी आमच्या गोंदिया जिल्ह्याचा थेट संबंध आहे. ब्रिटिश अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बिरसी येथे धावपट्टी तयार झाली. आज तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, आणि देशभरातील तरुण मुलेमुली तेथे विमान चालवावयास शिकतात. तेथील एक-इंजिनी डीए-४० विमानाचे पाय स्थिर असतात, तर दोन इंजिनांच्या डीए-४२ चे पाय आत घेता येतात; म्हणजे वर वर्णिलेले दोन्ही प्रकारचे निर्णय याच धावपट्टीवर शिकावे लागतात. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण-विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ रानात कोसळून दोन जीव गेले, त्याची कारणे निराळी होती. पण या मुलांचे प्राण किती अल्प साधनांवर तोललेले असतात, याची जाणीव त्या दिवशी या संपूर्ण जिल्ह्याला झाली.

वीस वर्षांच्या मुलाने एकटे असताना बिघडलेल्या पायाचे विमान उतरवावे अशी वेळ आली, तर त्याच्या मनात विमानाच्या किमतीचा विचार येणार नाही, ही हमी त्याच्या शूरपणातून मिळणार नाही. शिक्षणासाठी आईबापांनी शेत गहाण टाकले असेल, चौकशीत आपल्यावर कसूर लागेल, परवाना लांबेल, असे नाना विचार त्या मनात असणारच. ते दूर करणे हे शिकवणाऱ्यांचे, चौकशी करणाऱ्यांचे आणि आपल्यासारख्या दुरून मत देणाऱ्यांचे काम आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात, जे १९५१ साली प्रथम स्वीकृत झाले, अपघाताच्या चौकशीचा एकमेव उद्देश पुढील अपघात टाळणे हा असून दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे तत्त्व नमूद आहे. आपला देश या कराराचा सभासद आहे. पण कागदावरील तत्त्व आणि चावडीवरील रीत यांत आपल्याकडे जे अंतर पडते ते येथेही पडते. विमान मोडले की पहिला प्रश्न ‘जबाबदार कोण’ हाच येतो, आणि तो वर्तमानपत्रांतून, घरांतून, कधी शिक्षकांच्याही तोंडून येतो. त्या प्रश्नाचा धाक घेऊन आकाशात गेलेले मूल उरलेल्या दोन चाकांना घट्ट धरून बसेल. त्यात त्याचा दोष मी मानणार नाही. हिशेब नेटका ठेवणाऱ्या मनाला सर्वस्व मोडू देण्याची परवानगी आधीच, जमिनीवर असताना, मोठ्यांनी आपल्या तोंडाने दिलेली असावी लागते. नियमपुस्तकातील एखाद्या कलमाने ती मिळत नाही. मोडक्या विमानातून चालत बाहेर आलेल्या विद्यार्थ्याकडे गुरू कोणत्या नजरेने पाहतो, त्यावरून पुढच्या विद्यार्थ्याला ती मिळते किंवा नाकारली जाते.

मुंबईच्या त्या रात्री धावपट्टी २७ चे सुमारे ३,४०० मीटरांचे अंतर त्या लहानशा विमानासाठी मोकळे ठेवलेले होते. ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून त्यावर फेस पसरण्यात आला होता. फेसाच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण त्या प्रसंगी जे हाताशी होते ते सर्व वापरले गेले. अग्निशमनाच्या गाड्या, डॉक्टर, मार्गदर्शक वाहने आपापल्या जागी उभी होती. नऊ वाजून नऊ मिनिटांनी विमान पोटावर टेकले, घसरत गेले आणि थांबले. पाचही जणांना बाहेर काढण्यात आले. ज्या चाकासाठी हा सारा खटाटोप झाला, ते त्या वेळी सुमारे ७०० किलोमीटर मागे, नागपुरास होते.